‘वेल्श’ म्हणजे ‘परका’ हे कितपत खरं?

प्रश्न असा आहे: ‘वेल्श’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘परका’ किंवा ‘गुलाम’ असा आहे, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर वेल्सच्या लोकांनी असलं नाव इतकी शतकं चालवून कसं घेतलं?

आधी थोडक्यात सांगते. ‘परका’ हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ‘गुलाम’ हा अर्थही खरा, पण तो मागाहून चिकटलेला. आणि चालवून घेण्याबद्दल म्हणाल, तर स्वतःच्या भाषेत त्या लोकांनी हे नाव कधी घेतलंच नाही. ऐतिहासिक भाषाशास्त्र शिकवताना मी हा शब्द मुद्दाम निवडते, कारण उच्चार कसे बदलतात, अर्थ कसे सरकतात आणि सत्ता कुणाच्या हातात आहे यावर नावं कशी ठरतात, हे सगळं या एकाच शब्दात तपासून पाहता येतं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

सुरुवात वेल्सपासून खूप दूर, मध्य युरोपात होते. इसवी सनापूर्वीच्या काळात तिथे ‘वोल्काय’ नावाची एक केल्टिक टोळी राहत होती (वेल्श भाषाही याच केल्टिक कुळातली). ज्युलियस सीझरने गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धांविषयी लिहिताना सहाव्या भागात त्यांचा उल्लेख केला आहे. एके काळी गॉल लोक जर्मनांपेक्षा पराक्रमी होते, त्यांनी ऱ्हाईन नदीपलीकडे वसाहती केल्या, हर्किनियन अरण्याच्या आसपासची सगळ्यांत सुपीक जमीन वोल्काय टेक्टोसाजेस यांनी घेतली आणि ते अजून तिथेच आहेत, न्यायाबद्दल आणि शौर्याबद्दल त्यांचा मोठा लौकिक आहे, असं तो सांगतो. याच नावाच्या शाखा दक्षिण फ्रान्समध्ये आजच्या तुलूझ आणि नीम या शहरांच्या परिसरातही होत्या. जर्मानिक भाषा (जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या त्या) बोलणाऱ्या टोळ्यांना दक्षिणेकडचे शेजारी म्हणून हेच लोक भेटले. शेजाऱ्याचं नाव त्यांनी उचललं आणि आपल्या उच्चारात ते ‘वाल्ह’ असं केलं.

‘वोल्क’चं ‘वाल्ह’ कसं झालं हे ऐकायला ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल, पण त्यामागे पक्का नियम आहे. जुन्या ‘क’चा जर्मानिक भाषांत ‘ह’ होतो आणि ऱ्हस्व ‘ओ’चा ‘अ’ होतो. दोन्ही बदल एकाच शब्दात पाहायचे असतील तर आठ हा आकडा घ्या. लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘अहताउ’. संस्कृत ‘अष्टौ’ हे त्यांचंच भावंड. ‘ऑक्टो’ आणि ‘अहताउ’ यांचं जे नातं, तेच ‘वोल्क’ आणि ‘वाल्ह’ यांचं. म्हणजे हा बदल जर्मानिक भाषांत घडायच्या आधीच ते नाव तिथे पोचलं होतं. रोमन सैन्य ऱ्हाईनच्या काठाला लागण्याच्या कितीतरी आधीची ही उसनवारी आहे. बहुतेक अभ्यासक आज हीच व्युत्पत्ती मानतात आणि मलाही तिच्यापेक्षा चांगली दुसरी दिसलेली नाही.

(संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात हे १७८६ मध्ये कलकत्त्यात ठासून सांगणारे सर विल्यम जोन्स यांचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. तेही विल्यम जोन्सच. गणितात वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे ग्रीक अक्षर त्यांनी १७०६ मध्ये छापून वापरलं.)

तर जर्मानिक लोकांच्या लेखी आधी वोल्काय टोळी म्हणजे ‘वाल्ह’. मग सगळेच केल्ट ‘वाल्ह’ झाले. पुढे गॉल रोमनांनी जिंकलं, तिथले केल्ट लॅटिन बोलू लागले, आणि ‘वाल्ह’ हा शब्द त्या लोकांना तसाच चिकटून राहिला. आता त्याचा अर्थ झाला रोमन साम्राज्यातला माणूस, लॅटिन किंवा लॅटिनपासून निघालेली भाषा बोलणारा. एका टोळीच्या नावाने अख्खा जनसमूह ओळखला जाणं आपल्याला नवीन नाही. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांवरून इराणी लोकांनी ‘यौन’ केलं, आपल्याकडे ‘यवन’ झालं, आधी सगळ्या ग्रीकांना लागलं, आणि मराठी बखरींच्या काळापर्यंत त्याच शब्दाने मुसलमान राज्यकर्त्यांचा निर्देश होऊ लागला. वाट तीच, फक्त दिशा वेगळी.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ‘वेल्श म्हणजे परका’ हे वाक्य नेमकं इथेच पाय घसरून पडतं.

परका या अर्थाचा सरळ शब्द अँग्लो-सॅक्सन लोकांकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये गेलेल्या जर्मानिक टोळ्यांकडे, होता: ‘एल्थेओडिग’, म्हणजे दुसऱ्या लोकांतला. समुद्रापलीकडून आलेल्या कुणालाही तो चालत असे. पण ‘वेअल्ह’ (हे ‘वाल्ह’चं जुन्या इंग्रजीतलं रूप, शेवटचा ‘ह’ घशातून, ‘ख’च्या जवळचा) त्यांनी कुणाला म्हटलं ते पाहा. डेन लोक इंग्लंडवर चालून आले, लूटमार केली, अर्धा देश घेतला. पण त्यांना कुणी ‘वेअल्ह’ म्हटलं नाही. स्लाव लोकांना ते ‘विनेदास’ म्हणत, फिन लोकांना ‘फिनास’. ‘वेअल्ह’ हा शब्द एकाच प्रकारच्या परक्यासाठी राखलेला होता: ज्याच्या अंगावर रोमचा ठसा आहे असा.

याचे पुरावे ठळक आहेत. ‘विडसिथ’ या जुन्या इंग्रजी काव्यात सीझरचं वर्णन ‘वाला’ लोकांच्या राज्याचा धनी असं येतं. ते राज्य म्हणजे रोमन साम्राज्य. त्याच काव्यात रोमच्या लोकांना ‘रूमवालास’ म्हटलं आहे. अँग्लो-सॅक्सन बखरीत गॉलच्या मुलखाला ‘गालवालास’, कॉर्नवॉलच्या लोकांना ‘वेस्टवालास’ आणि स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या ब्रिटनांना ‘स्ट्रेकलेडवालास’ अशी नावं येतात. आणि मला सगळ्यांत आवडणारा पुरावा बव्हेरियातला, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. कासेलच्या हस्तलिखितात लॅटिन आणि जुन्या जर्मनची एक छोटी शब्दावली आहे. प्रवाशाला उपयोगी पडतील असे शब्द आणि वाक्यं तिच्यात दिली आहेत, आणि त्यांतच अचानक येतं: ‘रोमन मूर्ख आहेत, बव्हेरियन शहाणे आहेत.’ लॅटिन बाजूला ‘रोमानी’, जर्मन बाजूला त्याच जागी ‘वाल्हा’. त्या काळच्या माणसाने स्वतःच्या हाताने अर्थ लिहून ठेवला आहे. याहून स्पष्ट काय हवं?

मग ब्रिटन बेटावर काय घडलं? पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या तिथे येत गेल्या. बेटावर आधीपासून राहणारे ब्रिटन लोक साडेतीनशे वर्षं रोमन अमलाखाली काढलेले. येणाऱ्यांच्या भाषेत अशा लोकांसाठी नाव तयारच होतं. अनेकवचनी ‘वेआलास’, म्हणजे हे वेअल्ह लोक. त्यावरून देशाचं नाव ‘वेल्स’. ते मुळात भूमीचं नाव नाही, लोकांचं अनेकवचन आहे. संस्कृतमध्ये ‘अङ्गाः, वङ्गाः, कलिङ्गाः’ म्हणताना देश आणि त्यातले लोक एकाच शब्दात यायचे, तसंच. ‘वेल्श’ हे त्याचं विशेषण, ‘-इस्क’ हा प्रत्यय लागून झालेलं. त्या प्रत्ययातल्या ‘इ’ने मागचा स्वर आपल्याकडे ओढला. अँगलचं इंग्लिश, फ्रँकचं फ्रेंच आणि वेअल्हचं वेल्श या तिन्ही जोड्या एकाच साच्यातल्या आहेत.

अँग्लो-सॅक्सन बखरीत सन ४७३ च्या नोंदीत असं आहे की हेंगेस्ट आणि एस्क यांनी ‘वालास’ लोकांशी लढाई केली, अगणित लूट मिळवली आणि ते लोक इंग्रजांपुढून आगीपासून पळावं तसे पळाले. ही बखर नवव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली, म्हणजे जेत्यांनी चारशे वर्षांनी सांगितलेली हकीकत आहे. ती तशीच वाचावी.

आता ‘गुलाम’ या अर्थाकडे येऊ. त्यासाठी वेसेक्सचा (दक्षिण इंग्लंडमधल्या सॅक्सन राज्याचा) राजा इनी याचे कायदे वाचायला हवेत. सातव्या शतकाच्या अखेरीचे हे कायदे आल्फ्रेड राजाच्या संहितेला जोडलेले असल्यामुळे टिकले. त्या समाजात माणसाच्या जिवाची किंमत कायद्याने ठरलेली असे. कुणाचा खून झाला तर मारेकऱ्याकडच्यांनी ती मृताच्या नातलगांना द्यायची. साध्या स्वतंत्र सॅक्सनाची किंमत २०० शिलिंग, उमरावाची १२००. वेल्श माणसाची किंमत जमिनीवर ठरे. एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन असलेल्याची १२०, अर्धी असलेल्याची ८०, काहीच नसलेल्याची ६०. पाच कुटुंबांची जमीन असलेल्या वेल्श माणसाची ६००. आणि राजाचे निरोप घोड्यावरून पोचवणाऱ्या वेल्श स्वाराची २००, म्हणजे साध्या सॅक्सनाइतकी.

या आकड्यांतून काय दिसतं? उघड भेदभाव दिसतो. सारख्याच स्थितीतल्या वेल्श माणसाचा जीव सॅक्सनाच्या साधारण निम्म्या मोलाचा. पण त्याच वेळी जमीनदार वेल्श आहेत, राजाच्या पदरचे विश्वासू वेल्श आहेत, कर भरणारे वेल्श आहेत. त्याच कायद्यांत वेल्श गुलामाचाही वेगळा उल्लेख येतो. वेगळा करावा लागतो, याचाच अर्थ ‘वेल्श’ म्हणजे आपोआप गुलाम असं तेव्हा नव्हतं. इनीच्या आधी, सन ६४२ पासून, वेसेक्सवर राज्य करणाऱ्या राजाचं नाव होतं केनवेअल्ह. त्याच्या नावाचा दुसरा भाग हाच शब्द आहे. ‘बेओवुल्फ’ काव्यातल्या डेन राजाची राणी वेअल्हथेओव. तिच्या नावातही हाच. शब्दात केवळ तुच्छता असती तर राजघराण्यांनी तो नावात घातला नसता.

तुच्छता आली ती नंतर आणि हळूहळू. जिंकलेल्या मुलखातले लोक पिढ्यान् पिढ्या गुलामीत ढकलले गेले, तेव्हा ‘वेअल्ह’ म्हणजे गुलाम हा अर्थ पक्का झाला. दासीला ‘विल्न’ म्हणू लागले, तेही याच शब्दावरून. इंग्रजीतला ‘स्लेव्ह’ हा शब्द स्लाव लोकांच्या नावावरून आला, त्याची गोष्ट अगदी अशीच आहे. ऋग्वेदातले ‘दास’ आधी शत्रू लोकांचं नाव म्हणून येतात आणि मग तोच शब्द सेवकाचा होतो, हे आपल्याकडचं उदाहरण. समाजात कुणाला कामाला जुंपलं जातं ते अर्थबदलात उमटतं. म्हणून ‘वेल्श म्हणजे गुलाम’ असं कुणी लिहिलं की मला ते खटकतं. एका जनसमूहावर जे लादलं गेलं, तेच त्याच्या नावाचं मूळ म्हणून सांगितलं जातं.

या शब्दाचा गोतावळा युरोपभर पसरला आहे, आणि तो पाहिला की ‘रोमन जगातला माणूस’ हा अर्थ किती खोल रुजला होता ते कळतं. बेल्जियममध्ये फ्रेंच बोलणारे ते वालून आणि त्यांचा प्रदेश वालोनिया. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणारे लोक फ्रेंच भागाला आजही ‘वेल्शलँड’ म्हणतात. तिथे तो रोजचा शब्द आहे. जर्मनीत मात्र ‘वेल्श’ म्हणजे फ्रेंच किंवा इटालियन, आणि एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवादात त्याला द्वेषाची धार आली. कळेनाशा बोलण्याला जर्मनमध्ये ‘काउडरवेल्श’ म्हणतात. गॉथ लोकांकडून हा शब्द स्लाव भाषांत गेला आणि बाल्कनमधल्या लॅटिनवंशी भाषा बोलणाऱ्यांना ‘व्लाख’ नाव पडलं, त्यावरून रुमानियातला वालाखिया. पोलिश भाषेत इटलीला ‘व्वोखी’ म्हणतात, तो हाच शब्द. हंगेरियनमध्ये तर त्याच्या दोन शाखा झाल्या: ‘ओलास’ म्हणजे इटालियन आणि ‘ओलाह’ म्हणजे रुमानियन. गंमत अशी की वालाखियाचे लोक स्वतःला ‘रोमन’ म्हणवत, म्हणजे बाहेरच्यांनी दिलेलं नाव आणि स्वतःचं नाव दोन्ही शेवटी रोमकडेच बोट दाखवत होती.

ब्रिटन बेटांवरही हा शब्द आडनावांत शिरला. स्कॉटलंडचा वीर विल्यम वॉलेस जुन्या कागदपत्रांत ‘ले वालेस’ म्हणून येतो. आयर्लंडमध्ये वॉल्श हे आडनाव खूप आढळतं. बाराव्या शतकात नॉर्मनांबरोबर वेल्सहून गेलेल्यांचं ते नाव, आणि आयरिश भाषेत त्याच घराण्यांना ‘ब्रनख’, म्हणजे ब्रिटन, म्हणतात. कॉर्नवॉल म्हणजे ‘कॉर्नोवी’ टोळीचे वेअल्ह; तिथले लोक स्वतः ‘केर्नो’ म्हणतात.

आणि अक्रोड. जर्मानिक लोकांच्या घरचं फळ हेझलनट. अक्रोड आला रोमन मुलखातून, म्हणून ‘वेअल्ह-नट’, त्याचा आजचा इंग्रजी शब्द ‘वॉलनट’. वेल्श भाषेत अक्रोडाला काय म्हणत असतील? ‘क्नाय फ्रेंगिग’, म्हणजे फ्रेंच कवचफळं. ‘फ्रेंगिग’ हे फ्रँक या जर्मानिक टोळीच्या नावावरून आलेलं, आणि त्याच फ्रँकवरून अरबी-फारसीमार्गे आपला ‘फिरंगी’ आला. इंग्रजांनी त्या फळाला केल्टिक टोळीचं नाव दिलं, वेल्श लोकांनी जर्मानिक टोळीचं.

आता ते लोक स्वतःला काय म्हणवतात, याकडे. देश ‘कम्री’, लोक ‘कम्री’, भाषा ‘कम्राइग’. देश आणि लोक यांचं शेवटचं अक्षर आज वेगवेगळं लिहितात, पण उच्चार एकच; लिहिण्यातला तो फरक सोळाव्या शतकानंतर पक्का झाला. मूळ शब्द जुन्या ब्रिटॉनिक भाषेतला, म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेतला, ‘कोम्ब्रोगी’. ‘कोम्’ म्हणजे एकत्र, सह. ‘ब्रोग्’ म्हणजे मुलूख, मूळ अर्थाने सीमा. म्हणजे एका मुलखाचे लोक. सातव्या शतकात ग्विनेडचा राजा कॅडवालोन याच्या स्तुतिकाव्यात हे नाव येतं, दहाव्या शतकातल्या ‘आर्मेस प्रदाइन’ या भविष्यकाव्यात ते पुन्हा पुन्हा येतं. इंग्लंडच्या उत्तरेकडचा कंब्रिया हा प्रांत त्याच नावाचा, कारण तिथेही हेच लोक होते. लॅटिनमध्ये ‘कम्री’चं ‘कॅम्ब्रिया’ झालं आणि ॲडम सेजविकने १८३५ मध्ये वेल्सच्या खडकांवरून भूशास्त्रातल्या एका कालखंडाला ‘कॅम्ब्रियन’ नाव दिलं.

‘ब्रोग्’ या धातूकडे जरा लक्ष द्या. त्याचंच जर्मानिक भावंड ‘मार्क’, ‘मार्च’. वेल्स आणि इंग्लंड यांच्यामधल्या सरहद्दीच्या पट्ट्याला आजही इंग्रजीत ‘मार्चेस’ म्हणतात. फारसीतला ‘मर्ज’, सीमा, हाही त्याच कुळातला. आणि त्याहून नवल म्हणजे आल्प्सच्या पायथ्याशी, जिनिव्हाच्या आसपास, एक केल्टिक टोळी होती, तिचं नाव ‘अल्लोब्रोगेस’. ‘अल्लो’ म्हणजे दुसरा. दुसऱ्या मुलखाचे लोक! कोम्ब्रोगीच्या बरोबर उलट. त्या टोळीने ‘आम्ही बाहेरून आलो’ हे नाव म्हणून मिरवलं. ‘परका’ ही नेहमी शिवीच असते असं गृहीत धरणाऱ्यांनी हे नाव आठवावं.

मग ‘वेल्श’ हे नाव त्यांनी घेतलं कधी? बाराव्या शतकापर्यंत तिथले लोक लॅटिनमध्ये लिहिताना स्वतःला ‘ब्रिटोनेस’ म्हणत. ते नाव सोडणं सोपं नव्हतं, कारण त्यात अख्ख्या बेटावरचा हक्क होता. इंग्रज उपरे, बेट आमचं, एक दिवस परत घेऊ, ही आस त्या नावाला बांधलेली. पण बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहार करायचा तर बाहेरचं जग ज्या नावाने ओळखतं ते वापरावं लागतं. १२६७ च्या माँटगोमेरीच्या तहात इंग्लंडच्या राजाने ल्हवेलिन या वेल्श राजाला ‘वेल्सचा प्रिन्स’ म्हणून मान्यता दिली. शत्रूने ठेवलेलं नाव आता त्यांच्या सर्वोच्च राजाचं कायदेशीर पद झालं होतं. आपल्याकडे कार्ले लेण्यात खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांचे लेख आहेत, त्यांत ते स्वतःला बेधडक ‘यवन’ म्हणवतात. नाव कुणी दिलं हे एकदा मागे पडलं, की ते आपलं म्हणून वापरता येतं.

नावाच्या मुळाबद्दलचा वादही त्याच काळातला. मॉनमथच्या जेफ्रीने बाराव्या शतकात लिहिलेल्या इतिहासात सुचवलं की वेल्श हे नाव एखाद्या सेनापतीवरून, राणीवरून किंवा रानटीपणावरून पडलं असावं. शतकाच्या अखेरीस जिराल्डस कॅम्ब्रेन्सिस, जो स्वतः पाव हिस्सा वेल्श आणि बाकी नॉर्मन, त्याने जेफ्रीचं म्हणणं थापा म्हणून उडवून लावलं आणि सांगितलं की सॅक्सन लोक परक्यांना ज्या नावाने हाक मारत तेच हे नाव आहे. म्हणजे आज जे ‘धक्कादायक’ म्हणून फिरतं ते आठशे वर्षांपूर्वी नीट लिहून झालेलं आहे.

ल्हवेलिन १२८२ मध्ये मारला गेला, वेल्सचं स्वातंत्र्य संपलं, आणि १३०१ मध्ये पहिल्या एडवर्डने ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे पद आपल्या मुलाला दिलं. तेव्हापासून ते इंग्लंडच्या युवराजाकडे आहे. पुढे १९०५ मध्ये त्या वेळच्या युवराजाने मुंबईत एका संग्रहालयाची कोनशिला बसवली आणि वास्तूला त्याच्या पदाचं नाव मिळालं. १९९८ मध्ये ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झाली. ल्हवेलिनकडून हिसकावलेलं पद असं मुंबईच्या एका इमारतीवर कित्येक दशकं होतं.

इंग्रजीत या शब्दाचे काही वाईट वापर आहेत, ते मराठीत लिहिणाऱ्यांना माहीत असावेत. शब्द फिरवणं, पैज हरून पैसे न देता पळणं या अर्थाचं ‘वेल्श’ हे क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घोड्यांच्या शर्यतींच्या जगातून आलं. वेल्श लोकांना ते अपमानास्पद वाटतं आणि त्यांचं बरोबर आहे. इंग्रजीत लिहिताना ते वापरू नका, दुसरे पुष्कळ शब्द आहेत. पावावर वितळवलेल्या चीजला ‘वेल्श रॅबिट’, म्हणजे वेल्श ससा, म्हणायचे. ‘वेल्श’ म्हणजे हलका, खऱ्याची बतावणी करणारा, ही त्यामागची टिंगल. पुढे कुणीतरी ‘रॅबिट’चं ‘रेअरबिट’ केलं, पण मूळ टवाळी त्यातून जात नाही.

उलट, वेल्श लोकांनी इंग्रजांना काय म्हटलं? ‘साइसोन’, म्हणजे सॅक्सन, भाषा ‘साइस्नेग’. तेही एका टोळीचंच नाव सगळ्यांवर. त्या अर्थी दोन्ही शेजाऱ्यांनी एकमेकांना सारखीच वागणूक दिली. फरक पडला तो सत्तेमुळे. एकाचं नाव नकाशावर आणि कायद्यात गेलं, दुसऱ्याचं फक्त वेल्श भाषेत राहिलं.

गेल्या काही वर्षांत हे बदलतं आहे. २०२० पासून वेल्सच्या संसदेचं अधिकृत नाव ‘सेनेद कम्री’ असंही आहे. स्नोडोनियाच्या राष्ट्रीय उद्यानाने २०२२ मध्ये ‘एरारी’ हे वेल्श नाव पुढे ठेवायचं ठरवलं, आणि ब्रेकन बीकन्सच्या उद्यानाने २०२३ मध्ये ‘बान्नाय ब्रखाइनियोग’ हे नाव घेतलं. वेल्सचा फुटबॉल संघही ‘कम्री’ नावाने ओळखला जावा अशी तिथल्या संघटनेची इच्छा आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे ५,३८,००० होते, तीन वर्षं आणि त्याहून मोठ्या वयाच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के, आणि २०५० पर्यंत दहा लाखांवर जायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. ज्या देशात सहापैकी पाच जण घरच्या भाषेपासून तुटले आहेत, तिथे स्वतःच्या नावाचा आग्रह भावनेपुरता नाही. भाषा रस्त्यावरच्या पाटीवर दिसली की ती न येणाऱ्यालाही ती आपली म्हणून ओळखू येते.

शेवटी, मराठीत काय लिहावं हेही प्रश्नात ओघाने येतं. मी ‘वेल्स’ आणि ‘वेल्श’ हेच लिहीन, कारण वाचकाला ते कळतं आणि त्यात आज अपमान नाही. वेल्श माणूस इंग्रजीत बोलताना स्वतः तेच अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या देशाविषयी किंवा भाषेविषयी लेख असेल तर एकदा तरी ‘कम्री’ आणि ‘कम्राइग’ ही नावं द्यावीत. रोमन अक्षरं पाहून ‘सिम्रू’ लिहिलेलं मी पाहिलं आहे, ते चूक. वेल्शमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’. आणि वेल्श माणसाला ‘इंग्रज’ म्हणू नये.